सोनेरी शिक्का लावताना परीक्षक काय पाहतात?

मागच्या अंकात बालसाहित्याच्या पुरस्कारांविषयी काही विचारायचं असेल तर लिहा, असं म्हटलं होतं. पत्रं भरपूर आली. सारख्या आशयाची एकत्र केली आहेत, काही थोडी आटोपशीर केली आहेत. माझी नोकरी मुलांच्या ग्रंथालयात झाली आणि एका बालसाहित्य पुरस्काराच्या परीक्षक मंडळावरही मी काम केलं. उत्तरं या दोन्ही अनुभवांतून आली आहेत.

ताई, माझी मुलगी दहा वर्षांची आहे. तिच्यासाठी न्यूबेरी पदक मिळालेली पुस्तकं मुद्दाम मागवली. पहिलंच पुस्तक तिनं पंचवीस-तीस पानांत मिटलं आणि पुन्हा हातात धरलं नाही. मुलांना आवडत नाही त्या पुस्तकाला मुलांच्या साहित्याचं पदक कसं मिळतं? – एक आई

आधी एक विनंती. ते पुस्तक तिला पुन्हा वाचायला लावू नका. तिच्या हाताला लागेल अशा जागी राहू द्या, एवढंच.

आता पदकाचं. प्रत्येक पुरस्कार परीक्षकांपुढे एक ठरावीक प्रश्न ठेवतो आणि पदक हे त्या एका प्रश्नाचं उत्तर असतं. न्यूबेरीचा प्रश्न असा: गेल्या वर्षभरात अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या, तिथल्या नागरिकानं किंवा रहिवाशानं लिहिलेल्या मुलांच्या पुस्तकांत साहित्य म्हणून सर्वांत सरस कोणतं? नियमावलीत स्पष्टच लिहिलंय की हे पदक लोकप्रियतेसाठी नाही आणि बोधासाठीही नाही. त्यातला बोधाविषयीचा भाग मला फार मोलाचा वाटतो. मुलांच्या पुस्तकात 'घेण्यासारखं काय आहे' हे आधी शोधायचं, ही मोठ्यांची जुनी खोड आहे. परीक्षकांना ती बाजूला ठेवूनच बैठकीला यावं लागतं.

दुसरी गोष्ट वयाची, आणि तुमच्या घरातली अडचण बहुधा इथेच आहे. न्यूबेरीच्या नियमांत 'मुलं' म्हणजे चौदा वर्षांपर्यंतचे सगळे वाचक. १९२२ साली पहिलं पदक मिळालं ते हेन्ड्रिक विलेम व्हॅन लून यांच्या 'द स्टोरी ऑफ मॅनकाइंड'ला. तो मानवजातीचा जाडजूड इतिहास आहे. २०१६ चं पदक मिळालं मॅट दे ला पेन्या यांच्या 'लास्ट स्टॉप ऑन मार्केट स्ट्रीट'ला, म्हणजे एका बैठकीत वाचून होणाऱ्या चित्रपुस्तकाला. २०२० मध्ये जेरी क्राफ्ट यांच्या 'न्यू किड'ला मिळालं आणि चित्रकथेच्या रूपातल्या कादंबरीला हे पदक पहिल्यांदाच गेलं. तिन्ही पुस्तकांवर शिक्का तोच, पण तिघांचे वाचक निरनिराळ्या वयाचे. तुमच्या मुलीनं मिटलेलं पुस्तक कदाचित तेराव्या वर्षाच्या वाचकासाठी लिहिलेलं असेल.

पुढच्या वेळी एक करून पाहा. पुस्तक तिच्या हाती देण्याआधी पहिलं प्रकरण तुम्ही मोठ्यानं वाचून दाखवा आणि थांबा. पुढे काय झालं असं तिनं विचारलं तर पुस्तक तिचं. नाही विचारलं तर दुसरं काढा.

शाळेच्या ग्रंथालयासाठी यादी करते आहे. काही पुस्तकांवर सोनेरी शिक्का असतो, काहींवर रुपेरी. निधी मर्यादित आहे, तर रुपेरी वगळली तर चालतील का? तो दुसरा क्रमांकच ना? – एक शिक्षिका

अजिबात वगळू नका. निधी खरोखरच थोडा असेल तर उलट रुपेरी शिक्क्याची पुस्तकं आधी पाहा, असंच मी सांगेन.

न्यूबेरीत एका पुस्तकाला पदक मिळतं, त्याच्यावर सोनेरी शिक्का; आणखी काही पुस्तकांना 'सन्मान' दिला जातो, त्यांच्यावर रुपेरी. १९७१ पर्यंत त्यांना उपविजेती म्हणत, पुढे ते नाव काढून टाकलं. सन्मानित पुस्तकांत एक-दोन-तीन असे क्रमांक नसतात. १९५३ सालचं उदाहरण ग्रंथपालांच्या जगात आजही निघतं. त्या वर्षी पदक मिळालं अ‍ॅन नोलन क्लार्क यांच्या 'सीक्रेट ऑफ दि अँडीज'ला, पेरू देशातल्या डोंगरात लामा नावाच्या लोकरी जनावरांचा कळप राखणाऱ्या मुलाच्या गोष्टीला. आणि सन्मानित पुस्तकांत होतं ई. बी. व्हाइट यांचं 'शार्लट्स वेब'. डुकराचं पिल्लू आणि कोळीण यांच्या मैत्रीची ही गोष्ट आज जगभर वाचली जाते. पदकविजेत्या पुस्तकाचं नाव मात्र बहुतेकांना आठवत नाही.

म्हणून परीक्षक चुकले असं मी म्हणणार नाही. बैठक कशी चालते ते पाहिलं की हे समजतं. समितीत पंधरा जण असतात. त्यांनी वर्षभर शेकडो पुस्तकं चाळलेली, निवडक पुस्तकं पुन्हा पुन्हा वाचलेली असतात. चर्चा बंद दाराआड होते आणि बाहेर कुणी त्याबद्दल बोलत नाही. तुलना फक्त त्या वर्षीच्या पात्र पुस्तकांशी करायची. लेखकाची आधीची पुस्तकं कितीही थोर असोत, ती मध्ये आणायची नाहीत. मग प्रत्येकानं तीन पुस्तकं निवडायची. पहिल्या पसंतीला ४ गुण, दुसरीला ३, तिसरीला २. जिंकायला किमान ८ जणांची पहिली पसंती लागते आणि पुढच्या पुस्तकापेक्षा किमान ८ गुण जास्त लागतात. तसं झालं नाही तर पुन्हा चर्चा, पुन्हा मतदान.

हा नियम कशासाठी, ते आकडा मांडून बघा. समजा, एखादं पुस्तक पंधराही जणांच्या यादीत दुसरं आहे. त्याचे गुण होतात ४५. आठ जणांनी पहिलं म्हटलेल्या पुस्तकाला त्या आठ मतांतून मिळतात ३२. नुसते गुण मोजले असते तर सगळ्यांना बरं वाटणारं, पण कुणालाही सर्वांत प्रिय नसलेलं पुस्तक जिंकलं असतं. पहिल्या पसंतीची अट ते होऊ देत नाही. ज्या पुस्तकासाठी निम्म्याहून जास्त माणसं ठामपणे उभी राहतील, तेच पुढे जातं. पण यातून हेही होतं की काही सदस्यांचं अतिशय लाडकं पुस्तक एक-दोन मतांसाठी मागे राहतं आणि त्याच्यावर रुपेरी शिक्का लागतो.

मी ज्या मंडळावर होते त्याची पद्धत इतकी काटेकोर नव्हती, पण बैठकीत काय घडू शकतं ते तिथे जवळून पाहिलं. एका कादंबरीवर आमची अख्खी दुपार गेली. कथानक सगळ्यांना आवडलेलं, भाषा स्वच्छ, शेवट धीटपणे केलेला. एका परीक्षक बाईंनी त्यातला आजोबा आणि नातीचा संवाद मोठ्यानं वाचायला घेतला. पान संपेपर्यंत खोलीत चुळबुळ सुरू झाली. सात वर्षांची नात एखाद्या वक्त्यासारखी बोलत होती. वाक्यं लांबलचक, प्रत्येक वाक्यात एक विचार. मनातल्या मनात वाचताना आम्हा कुणालाच ते खटकलं नव्हतं. त्या दुपारनंतर मी मुलांचं कोणतंही पुस्तक निदान एक पान मोठ्यानं वाचल्याशिवाय त्याबद्दल मत देत नाही.

चित्रपुस्तकांना वेगळा पुरस्कार असतो असं ऐकलं. त्यांत मजकूर असतो जेमतेम पन्नास ओळींचा. मग परीक्षक नेमकं काय तपासतात? सुंदर चित्रं? – चित्रकलेची विद्यार्थिनी

तुझा प्रश्न वाचून आनंद झाला, कारण या विषयावर मी तासन्‌तास बोलू शकते.

अमेरिकेत कॅल्डेकॉट पदक १९३८ पासून दिलं जातं. एकोणिसाव्या शतकातले इंग्रज चित्रकार रँडॉल्फ कॅल्डेकॉट यांचं नाव त्याला आहे आणि ते चित्रकाराला मिळतं. ब्रिटनमध्ये अशाच कामासाठी केट ग्रीनअवे यांच्या नावानं पदक सुरू झालं. दोन्हीकडे नुसती सुंदर चित्रं पुरत नाहीत. चित्रांनी गोष्ट सांगितली पाहिजे, शब्दांनी सांगितलेलीच पुन्हा सांगून भागत नाही.

१९६४ चं कॅल्डेकॉट मिळालेलं मॉरिस सेंडाक यांचं 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर' मिळालं तर समोर घे आणि मजकुराकडे न बघता फक्त चित्राचा आकार बघ. सुरुवातीला चित्र लहान आहे, चारी बाजूंनी पांढरी कड. आईनं रागावून खोलीत पाठवलेला मुलगा त्या चौकटीत कोंडल्यासारखा दिसतो. खोलीत झाडं उगवायला लागतात तशी कड बारीक होत जाते, मग पान भरतं, मग चित्र शेजारच्या पानावर सरकतं. राक्षसांचा धुडगूस सुरू होतो तेव्हा शब्द संपतात आणि सलग तीन वेळा पान उलटलं तरी दोन्ही पानांवर फक्त चित्र. मुलगा घरी परततो तसं चित्र पुन्हा आवरतं घेतलेलं. शेवटच्या पानावर चित्रच नाही, नुसते मोजके शब्द. मुलाचा राग वाढतो आणि निवतो, ते कागदावरच्या मोकळ्या जागेनं सांगितलंय. ग्रंथालयात मुलांना हे पुस्तक दाखवताना धुडगुसाच्या पानांवर मी काही बोलत नसे. आवाज मुलंच करत.

आम्ही मंडळात चित्रपुस्तकं बघताना मजकुरावर कागदाची पट्टी धरून एकदा सगळी पानं उलटायचो. गोष्ट कळते का? मग चित्रं झाकून मजकूर वाचायचो. एकट्या मजकुरानं सगळं कळत असेल तर चित्रं नुसती सजावट झाली. शिवाय दोन पानं जिथे जुळतात त्या घडीत कुणाचा चेहरा अर्धा गडप होत नाही ना, पान उलटण्याआधी उत्सुकता लागते का, हे बघायचो. चित्रकारानं पुस्तक हातात धरणाऱ्या मुलाचा विचार केलाय की सुट्या चित्रांच्या प्रदर्शनाचा, ते घडीपाशी लगेच कळतं.

चित्रपुस्तक पातळच हवं असंही नाही. २००८ चं कॅल्डेकॉट ब्रायन सेल्झनिक यांच्या पाचशेहून जास्त पानांच्या 'दि इन्व्हेन्शन ऑफ ह्यूगो कॅब्रे'ला मिळालं. त्यात पानंच्या पानं नुसत्या पेन्सिलच्या चित्रांची आहेत आणि गोष्ट तिथे थांबत नाही.

मी तेरा वर्षांचा आहे. मुलांच्या पुस्तकांचे पुरस्कार मोठी माणसंच ठरवतात. आम्हाला कोणीच कसं विचारत नाही?

विचारतात रे, सगळीकडे नाही इतकंच. तुझी तक्रार रास्त आहे.

अमेरिका आणि कॅनडाच्या वायव्य भागातल्या ग्रंथालयांनी १९४० मध्येच एक पुरस्कार सुरू केला. त्याचा निकाल मुलांच्या मतांवर लागतो. जर्मनीच्या बाल-कुमार साहित्य पुरस्कारात २००३ पासून तुझ्यासारख्या मुलांचं वेगळं परीक्षक मंडळ आहे आणि ते आपलं विजेतं पुस्तक स्वतंत्रपणे जाहीर करतं. ब्रिटनच्या कार्नेगी पदकाची अंतिम यादी जाहीर झाली की शाळा-ग्रंथालयांतले वाचनगट तीच पुस्तकं वाचतात, वाद घालतात, परीक्षणं लिहितात. मुलांच्या पसंतीचं पदकही तिथे दिलं जातं.

मुलांचा आणि मोठ्यांचा निकाल पुष्कळदा वेगळा येतो. येऊ दे. तू आणि तुझे मित्र मिळून एखाद्या पुरस्काराच्या यादीतली चार-पाच पुस्तकं वाचा, वर दिलेल्या ४-३-२ च्या पद्धतीनं मतदान करा आणि निकाल या सदराकडे पाठव. प्रत्येक पुस्तकाबद्दल दोन ओळी हव्यात, आणि त्यांत 'छान' हा शब्द नको. मी ते छापायला लावीन.

अँडरसन पदकाला 'छोटं नोबेल' म्हणतात. ते कोणाला देतात? आपल्या भाषांतल्या लेखकांची नावं जगाच्या यादीत का दिसत नाहीत? – एक ज्येष्ठ वाचक

आपल्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर सोपं आहे. हान्स ख्रिश्चन अँडरसन पदक एका पुस्तकाला मिळत नाही, ते आयुष्यभराच्या कामाला मिळतं. लेखकांसाठी १९५६ पासून, चित्रकारांसाठी १९६६ पासून, दर दोन वर्षांनी. पहिलं पदक एलिनर फार्जन यांना मिळालं, त्यानंतरचं १९५८ चं अ‍ॅस्ट्रिड लिंडग्रेन यांना. ते देणारी संस्था उभी केली येला लेपमान यांनी. नाझी राजवटीत देश सोडावा लागलेल्या या ज्यू पत्रकार बाई युद्धानंतर जर्मनीत परतल्या. उद्‌ध्वस्त शहरांतल्या मुलांना आधी दुसऱ्या देशांतल्या मुलांच्या गोष्टी मिळाल्या पाहिजेत, असा त्यांनी आग्रह धरला. १९४९ मध्ये म्युनिकला आंतरराष्ट्रीय बालग्रंथालय उघडलं आणि १९५३ मध्ये झ्युरिकला ही संस्था स्थापन झाली. पुस्तकांवर एवढा विश्वास टाकणाऱ्या या बाईंबद्दल मला मनापासून आदर आहे.

दुसऱ्या प्रश्नाचं मोठं उत्तर अनुवादात आहे. वेगवेगळ्या देशांतले परीक्षक एकत्र बसतात तेव्हा त्यांना वाचता येईल अशा भाषेत पुस्तक पोचलेलं असावं लागतं. जपानी कवी मिचिओ मादो यांचं उदाहरण घ्या. मुलांसाठी ते कितीतरी दशकं लिहीत होते. त्यांच्या प्राण्यांवरच्या कवितांचा इंग्रजी अनुवाद जपानच्या सम्राज्ञी मिचिको यांनी केला, तो १९९२ मध्ये पुस्तकरूपानं आला आणि १९९४ मध्ये मादोंना अँडरसन पदक मिळालं. कविता आधीही तितकीच चांगली होती, पण परीक्षकांच्या टेबलावर ती अनुवादामुळे आली. अमेरिकेत याच जाणिवेतून १९६८ पासून बॅचेल्डर पुरस्कार दिला जातो. दुसऱ्या भाषेतलं मुलांचं उत्तम पुस्तक इंग्रजीत आणणाऱ्या प्रकाशकाला तो मिळतो, कारण पैसे घालायची जोखीम तो घेतो.

आणि यादीत आपलं माणूस एकदा फार लवकर आलं होतं. धनगोपाल मुखर्जी बंगालमधून अमेरिकेत गेले, इंग्रजीत लिहू लागले आणि एका कबुतराची गोष्ट सांगणाऱ्या 'गे-नेक'बद्दल १९२८ चं न्यूबेरी त्यांना मिळालं. ते तिथे राहत होते म्हणून नियमात बसले. इथे बसून बंगालीत लिहिलं असतं तर ते पुस्तक किती का चांगलं असेना, त्या पदकापुढे गेलंच नसतं.

आपल्या भाषांसाठी साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार २०१० पासून आहे, चोवीस भाषांत. मराठीत माधुरी पुरंदरे यांना तो २०१४ मध्ये मिळाला, ल. म. कडू यांच्या 'खारीच्या वाटा'ला २०१७ मध्ये. कमतरता आहे ती पुढच्या पायरीची: पुरस्कार मिळालेलं मराठी पुस्तक कन्नडमध्ये, बंगालीत, इंग्रजीत न्यायचं काम कुणी अंगावर घ्यायचं? पुरस्काराच्या घोषणेबरोबरच अनुवादाची सोय झाली पाहिजे, असं मला कळकळीनं वाटतं. स्वीडनमध्ये लिंडग्रेन यांच्या स्मरणार्थ २००३ पासून जो मोठा पुरस्कार दिला जातो, तो लेखक-चित्रकारांबरोबर तोंडी गोष्टी सांगणाऱ्यांना आणि वाचनासाठी झटणाऱ्या संस्थांनाही मिळू शकतो. पुस्तक मुलापर्यंत नेणाराही तिथे सन्मानाला पात्र आहे.

एका जुन्या पुरस्काराचं नाव लेखिकेच्या लिखाणामुळे बदललं म्हणे. हे योग्य आहे का?

तो लॉरा इंगल्स वाइल्डर यांच्या नावाचा पुरस्कार. १९५४ मध्ये सुरू झाला आणि पहिला त्यांनाच मिळाला. त्यांच्या पुस्तकांत अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचं आणि कृष्णवर्णीयांचं जे चित्रण आहे त्यावरून २०१८ मध्ये ग्रंथपालांच्या संघटनेनं नाव बदललं. पुस्तकं वाचू नका असं कुणी सांगितलेलं नाही.

मला हा बदल योग्य वाटतो. न्यूबेरी सुरू झालं १९२२ मध्ये; पहिल्या कृष्णवर्णीय लेखिकेला, व्हर्जिनिया हॅमिल्टन यांना, ते मिळालं १९७५ मध्ये. त्याआधी, १९६५ साली, नॅन्सी लॅरिक यांनी तीन वर्षांतली पाच हजारांवर पुस्तकं तपासून दाखवलं होतं की ज्यांत एक तरी कृष्णवर्णीय व्यक्ती दिसते अशी पुस्तकं फक्त ६.७ टक्के आहेत. जी पुस्तकं लिहिली-छापली जातात त्यांतूनच पदकं निघतात. ज्या मुलीला पुस्तकात तिच्यासारखं कुणी भेटलंच नाही, तिला त्या पुरस्काराच्या नावातही अपमान सोसावा लागू नये.

मुलांसाठी कादंबरी लिहिते आहे. पुरस्कार मिळण्याच्या दृष्टीनं कोणता विषय निवडावा? – एक नवोदित लेखिका

विषय परीक्षकांकडे बघून निवडू नका. परीक्षक दरवर्षी बदलतात, आणि ताटभर विषय वाढलेलं पुस्तक दहा पानांत ओळखू येतं. पुरस्कार दरवर्षी दिलाच पाहिजे असंही सगळीकडे नसतं. कार्नेगी पदक १९३६ च्या पुस्तकांपासून सुरू झालं. १९४३, १९४५ आणि १९६६ या वर्षी योग्य पुस्तक नाही म्हणून ते कुणालाच दिलं नाही. केट ग्रीनअवे पदकाचं तर पहिलंच वर्ष, १९५५, रिकामं गेलं.

कादंबरी पूर्ण करा. संवाद मोठ्यानं वाचा, शक्य तर तुमच्या पात्राच्या वयाच्या मुलाकडून वाचून घ्या. तो कुठे अडखळतो, कुठे पान सोडून पुढे जातो, तिथे खुणा करा. छापून झाल्यावर प्रकाशकाला दोन गोष्टी विचारा: प्रती मंडळाकडे त्यांनी पाठवायच्या की तुम्ही, आणि पुस्तकावर प्रकाशनाचं वर्ष नीट छापलंय ना. आमच्या मंडळाकडे आलेली काही चांगली पुस्तकं केवळ वर्ष चुकल्यामुळे न वाचताच बाजूला ठेवावी लागली होती.